येळवशीचे पाहुणे

मी जन्मले त्या दिवशी आमच्या घरातले सगळे दिवे चिंचेनं घासून, उजळून पाटावर मांडले होते, आणि तरीही घरात अंधारच झाला, असं आत्या सांगायची. आषाढातली दिव्यांची अवस होती ती. आधीच पोरगी, त्यात अवसेची, त्यात त्याच आठवड्यात दावणीची दुभती म्हैस मेली. म्हणजे पाळण्यात नाव पडायच्या आधीच माझ्या नावावर एक म्हैस लागली. पुढं बारशाला शकुंतला असं भारदस्त नाव ठेवलं गेलं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. घरात आत्याची हाक ठरलेली. "अवशे, पाणी आण. अवशे, भाकरी करपायली बघ." आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली, आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या कमरेला लावून बसलेली. मला ती हाक इतकी अंगवळणी पडली होती, की पहिल्या दिवशी शाळेत नाव विचारल्यावर मी खणखणीत आवाजात "अवशी" असं सांगितलं. सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत, कारण मास्तर म्हणजे आमचे अण्णाच होते.

अण्णा निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. पुढं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, आणि अण्णांना आपलं सगळं ज्ञान एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं लागलं. ओतताना थोडं सांडलंच. भूगोल शिकवताना ते पृथ्वीच्या फिरण्याला शेवटपर्यंत 'गर्दिश' म्हणायचे आणि ग्रहणाला 'गहन'. तर त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी अण्णा चुलीपाशी येऊन बसले. आई भाकऱ्या थापत होती. त्यांनी तिच्या परातीतला पिठाचा एक उंडा उचलला, काडीला टोचला, कोनाड्यातला कंदील माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "तू पृथ्वी. हलायचं नाही." मग तो उंडा धरून ते माझ्याभोवती फिरायला लागले. माझ्या पाठीमागं गेले तेव्हा मान वळवून बघितलं, तर उंडा लख्ख पांढरा. "ही पुनव." हळूहळू पुढं आले तसा तो अर्धा झाला, मग कोर झाला, आणि कंदिलाच्या आणि माझ्या मधोमध आला तेव्हा नुसता काळा गोळा.

"काळा झाला," मी म्हणाले.

"झाला का? पलीकडं जाऊन बघ."

मी रांगत कंदिलाच्या बाजूला गेले. उंडा त्या बाजूनं पुनवेइतकाच पांढरा होता.

"अवसेला चंद्र मरत नसतो, शकू," अण्णा म्हणाले. "काळाबी होत नाही. त्याचा उजेड पलीकडं असतो, आपल्याकडं पाठ असते, इतकंच. त्या दिवशी तो सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. चंद्र आणि सूर्य एका ठिकाणी आलेले असताना तू जन्मलीस. तुझ्या आत्याला सांग." आत्या तिथंच लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "तेवढं म्हशीचंबी सांगा की गुरुजी." आई हसली, अण्णा हसले. त्या उंड्याची भाकरी मी हट्टानं मागून घेतली आणि एकटीनं खाल्ली. चंद्र खाल्ल्यासारखी ऐट होती माझी.

त्या दिवसापासून मी जी बिघडले ती बिघडलेच. आमच्या गावात, म्हणजे माकणीच्या अलीकडं तेरणेच्या काठाला, अवस पाळायची रीत मोठी कडक होती. अवसेला कुणी औत धरायचं नाही, बी टाकायचं नाही, सोयरिकीचा शब्द तर काढायचाच नाही. एस.टी.चा डायवर गाडीच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. आत्या तिन्हीसांजेला दहीभात उतरून वेशीबाहेर टाकायची. आणि या सगळ्यांच्या मागं मी! हातात उंडा नसला तर लिंबू, लिंबू नसलं तर कांदा, जे गोल मिळेल ते घेऊन मी भेटेल त्याला चंद्र समजावून द्यायची. एकदा त्या एस.टी.च्या डायवरला समजावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, "व्हय बाई, बराबर हाय" म्हणाला, आणि माझ्याच हातातलं लिंबू घेऊन गाडीला बांधलं. आता नातवंडं मला 'आजीचं लेक्चर' म्हणून चिडवतात, तेव्हा मला त्या डायवरची आठवण येते. माझ्या श्रोत्यांचं प्रमाण तेव्हापासून फारसं सुधारलेलं नाही.

आमची शाळा सातवीपर्यंत होती. सातवी झाली, आणि मी पुढं काय, असं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "धाराशिवला घालू. मुलींची शाळा हाय तिथं. पुढल्या वर्षी, जूनला." आत्या कडाडली, "पोरगी लुगडं नेसायला आली, आणि हे तिला शाळंत घालायलेत." अण्णा म्हणाले, "शब्द दिलाय मी तिला." एवढं एक वाक्य मी उराशी धरून बसले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज रात्री भांडी घासताना मी मनातल्या मनात धाराशिवच्या बाईंपुढं उभी राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि त्यातला एक तरी प्रश्न चंद्राचा असायचाच.

मार्गशीर्ष संपत आला की आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, येते. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण वर्षभर ज्या अवसेला आमची माणसं टरकून असतात, त्यातलीच ही एक अवस आमच्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. गाव सकाळी ओस पडतं, कुत्रीसुद्धा रानात जातात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन गड्यानं पिकाला फेरी घालायची. मागून सगळ्यांनी आंबील शिंपडत "होलगे, होलगे, सालम पलगे" असं ओरडायचं. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. कानडीतून काहीतरी आलेलं असावं. मी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "ओरड नुसतं. सगळ्याला अर्थ नसतो." मग जेवण. आदल्या रात्रभर आई आणि आत्या चुलीपुढंच असायच्या. हिरव्या दाण्यांची, चिंचेची, बेसन लावलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आणि या दिवशी रानात कुणीही यावं, ओळखीचं असो नसो, त्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही. ज्याच्या कोपीत जास्त पाहुणे, त्याचा मान मोठा.

त्या वर्षी येळवशीच्या आधी अण्णा म्हणाले, "शकू, धाराशिवचे पाव्हणे येणारेत. नीट वाग."

मी उठूनच उभी राहिले. "शाळेचे का?"

"हं," अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

त्या एका 'हं'वर मी काय काय बांधलं, ते आता आठवलं तरी हसू येतं. येळवशीच्या दिवशी पहाटे आईनं माझ्या डोक्याला तेल लावलं. अवसेला केसाला तेल लावत नाहीत, हे आमच्या घरातलं मांजरसुद्धा जाणत होतं, पण आत्या काही बोलली नाही. आईनं तिचं स्वतःचं हिरवं पातळ मला नेसवलं. "शाळेत गेल्यावर नेसायचंच हाय की," मीच म्हणाले. आई निऱ्या करत होती, तिनं मान वर केली नाही. माझ्यासारख्या हुशार मुलीला, जिला चंद्राची पाठ आणि पोट कळत होतं, तिला एवढ्या खुणा पुरे व्हायला हव्या होत्या. पण मला एकच गोष्ट पक्की माहीत होती. अवसेला कुणी मुलगी बघायला येत नाही. त्या दिवशी मी जगात सगळ्यात निर्धास्त होते.

पाहुणे टांगा करून आले. एक जाडजूड बाई, नाकात नथ, बोलणं गोड. त्यांचे यजमान, कुठल्याशा कचेरीतले, सारखे घाम पुसणारे. आणि त्यांच्या मागून पांढरा शर्ट घातलेला एक तरुण, खिशाला पेन, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या धरल्यात म्हणून मी त्याला कचेरीतला शिपाई ठरवून मोकळी झाले आणि त्याला म्हणाले, "त्या तिथं ठेवा, कोपीच्या मागं." त्यानं मुकाट्यानं ठेवल्या. बाईंनी मला विहिरीवरून पाण्याची कळशी आणायला सांगितली. मी तुरुतुरु जाऊन आणली. त्यांनी विचारलं, "ही भज्जी कुणी केली?" आत्या म्हणाली, "हिनंच की." साफ खोटं होतं, मी फक्त शेंगा सोलल्या होत्या. मला वाटलं, आत्याला अखेर माझ्या शिक्षणाचं महत्त्व पटलं, म्हणून ती माझी बाजू घ्यायली.

जेवणं झाली. उन्हं कलायला लागली होती. अण्णा म्हणाले, "शकू, ते चंद्राचं सांग बरं पाव्हण्यांना. आज अवसच हाय."

हाच तो प्रश्न! मी परातीतला बाजरीचा उंडा उचलला, काडीला टोचला, पदर खोचला आणि त्या तरुणाकडं बोट केलं. "अहो, तुम्ही उठा. तुम्ही पृथ्वी. बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय, नुसतं बघायचं."

"बघायलेतच की ते मघाधरनं," आत्या म्हणाली. सगळे हसले. मी त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं. शास्त्र सांगताना अडाणी माणसं हसतातच, हा माझा जुना अनुभव होता.

तो उठून उभा राहिला. खरा सूर्य समोर होता, त्यामुळं कंदिलाची गरज नव्हती. उंडा हातभर पुढं धरून मी त्याच्याभोवती फिरायला लागले. त्याच्या पाठीमागं गेले, "ही पुनव." पुढं आले, "ही अष्टमी." शेवटी त्याच्या आणि सूर्याच्या मधे उभी राहिले. त्याच्या डोळ्यांत ऊन जात होतं, पाणी आलं होतं, पण तो डोळे मिटत नव्हता. "आता काय दिसतं?"

"काळं दिसतंय," तो म्हणाला. तेवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलला होता.

"हीच अवस. पण माझ्या बाजूनं उंडा उजळलाय. चंद्र आत्ता वर हाय, त्या सूर्याच्या शेजारी. दिसत न्हाय, एवढंच."

"एक फेरा तर झाला बाई," नथवाल्या बाई हसत म्हणाल्या. आत्यानं तोंडाला पदर लावला. बाईंचे यजमान उगीच खोकले. तो तरुण मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "मग दर अवसेला ग्रहण का लागत न्हाय?"

मला इतका आनंद झाला! इतक्या वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं, की चंद्राची वाट जरा तिरकी असते, त्यामुळं बहुतेक अवसांना तो सूर्याच्या थोडा वरून नाहीतर खालून निघून जातो. नेमका समोर आला, तरच गहन. तो म्हणाला, "कळलं." मी मनात म्हणाले, शिपाई असून चांगला हाय.

बाईंनी मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. मग अण्णांकडं वळून अगदी सहज म्हणाल्या, "हुशार हाय पोरगी. जन्म कवाचा म्हणायचा हिचा?"

"पुनवेची," अण्णा म्हणाले. "चैत्री पुनवेची."

मला वाटलं, अण्णांची जीभ घसरली. वर्गात ते कधी फळ्यावर चुकले की मीच हात वर करायची, आणि ते "शाब्बास" म्हणायचे. तसाच मी आत्ताही हात वर केला. खरंच केला. "अण्णा, चुकलात. मी अवसेची. दिव्यांच्या अवसेची! आत्या तर मला अवशीच म्हणती."

कुणीच शाब्बास म्हणालं नाही. आईच्या हातातली, उरलेली खीर काढायची पळी तशीच राहिली. बाईंनी माझा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, गरम भांडं खाली ठेवावं तसा. मी अण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते पाहुण्यांकडं बघून हसत होते, आणि ते हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ओठ वर गेलेले, डोळे विनवणी करणारे. मग मी त्या तरुणाकडं बघितलं, त्याच्या पांढऱ्या शर्टाकडं, खिशातल्या पेनाकडं. मग माझ्या अंगावरच्या हिरव्या पातळाकडं. आणि मला सगळं एकदम कळलं. मी ज्याच्याभोवती फिरले होते तो कोण, मला पाणी आणायला का पाठवलं, भज्जी माझ्या नावावर का लागली, डोक्याला तेल का लागलं. चंद्र माझा होता. तो अण्णांनी मला दिलेला होता. आणि तोच माझ्या हातात देऊन त्यांनी मला फिरवून दाखवलं होतं, बैलबाजारात खोंड फिरवून दाखवतात तसं.

"विचार करून कळवतो," बाईंचे यजमान म्हणाले. टांगा जुंपला. जाताना तो तरुण कोपीच्या मागं पिशव्या घ्यायला आला. मी तिथंच उभी होते. मी बाजूला झाले, त्यानं पिशव्या उचलल्या.

त्यांचं कळवणं काही आलं नाही. जून आला आणि गेला. धाराशिवच्या शाळेत अण्णांनी कधी चौकशीसुद्धा केली नव्हती, हे मला पुढं आईकडून कळलं. पुढं एका वर्षी परंड्याच्या स्थळाशी माझं लग्न झालं. त्यांच्या घरात तिथी विचारणारी सासू हयात नव्हती, हा त्या स्थळाचा सगळ्यात मोठा गुण. मॅट्रिक मी केलं, पण मांडीवर थोरला असताना, नवऱ्याच्या मदतीनं. परीक्षेला धाराशिवला गेले तेव्हा मुलींच्या शाळेसमोरून रिक्षा गेली. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. आमचं ते येळवशीचं रान आता धरणाच्या पाण्याखाली आहे. येळवशीला आमची भावकी काठावर नवीन कोप घालते, मला बोलावते. मी जाते, भज्जी खाते, आणि मुलं "आजी, चंद्राचं सांग" म्हणाली तर कुणाला पृथ्वी करत नाही. दगड ठेवते.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशी घरी येतानाचं. आत्या आणि आई भांडी घेऊन बैलगाडीत बसल्या. आत्या जाता जाता म्हणाली, "म्हशीपेक्षा म्हाग पडलीस गं." मी गाडीत बसले नाही. अण्णा कंदील लावून पायवाटेनं निघाले, आणि मी त्यांच्या मागून. दिवस नुकताच बुडाला होता. शेजारच्या रानांत येळवशीच्या रिवाजानं पोरं पेटते पेंढे घेऊन पिकाभोवती पळत होती, ओरडत होती.

"ती माणसं शाळेची नव्हती," मी म्हणाले.

"न्हाय."

"तुम्ही हं म्हणालात."

"हं म्हणलो. शाळेची म्हणलो न्हाय."

"अवसेला कुणी पोरगी बघतं का?"

"म्हणूनच बोलावलं. म्हणायला ती येळवशीच्या जेवणाला आली, सोयरिकीचा शब्द कुणी काढला न्हाय." अण्णा चालता चालता बोलत होते, वर्गात समजावतात तशा आवाजात. "आज गावभर पाव्हणेच पाव्हणे. कोण कुणाकडं कशाला आला, कुणी विचारत न्हाय. नापसंत केली असती तरी गावात बोभाटा झाला नसता. तुझ्याच भल्याचं केलं. चांगलं घर होतं. धाराशिवातच राहिली असतीस."

पायात येणारं पातळ मी वर खोचलं. मग विचारलं, "आणि पुनवेची का म्हणालात?"

"अडाणी लोक, शकू. त्यांना तेवढं कळत न्हाय."

"त्यांना मी सांगितलं होतं. त्यांना कळलं होतं. तो कळलं म्हणाला."

अण्णांनी चाल वाढवली.

"अण्णा, तुम्हाला तरी पटलं होतं का? ते उंड्याचं?"

ते थांबले. मला वाटलं, आता वळतील, कंदील माझ्यासमोर धरतील आणि सांगतील. ते वाकले, कंदिलाची वात जरा मोठी केली, आणि पुन्हा चालायला लागले. पुढची वाट लख्ख दिसत होती, ढेकळं, बाभळीचे काटे, सगळं. अण्णांच्या टोपीची, खांद्यांची, कानांची कड उजळलेली होती. आणि त्या कडेच्या आत, माझ्या बाजूला, त्यांची पाठ. काळी, मोठी, घरापर्यंत माझ्यापुढं चालत राहिलेली.